वर्षभराची टॅली फाईल, जावा आणि एक्सएमएल: शिकायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न विचारणारे भाऊ जळगावचे. एमसीए झाल्यावर तिथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. कंपनीचे गिऱ्हाईक म्हणजे जिनिंगवाले, डाळमिलवाले, ठिबकचे विक्रेते. त्यांच्या टॅलीतून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, निघालेली एक्सएमएल फाईल (माहिती टॅगच्या खुणांमध्ये लिहिलेली) जावाच्या प्रोग्रॅमनं वाचायची आणि डेटाबेसमध्ये भरायची, हे काम यांच्या वाट्याला आलं. महिन्याची फाईल नीट जाते. वर्षभराची ९०० एमबीची टाकली की मेमरी संपल्याची एरर येते. मराठीत लिहिलेली गावांची नावं मधूनच भलत्याच अक्षरांत दिसतात. डॉम, सॅक्स, स्टॅक्स, जॅक्सबी, एक्सपाथ या एक्सएमएल वाचायच्या हत्यारांच्या गर्दीत आधी काय धरायचं ते कळत नाही. वरून सिनिअरचा टोमणा: "आता सगळं जेसन आहे, एक्सएमएल कशाला शिकतो भो?"

टोमण्याचं आधी बघू. जेसन ही माहिती लिहायची दुसरी, सुटसुटीत रीत. नवीन वेब एपीआय (दोन प्रोग्रॅमनी नेटवरून बोलायची सोय) लिहायचा असेल तर जेसनच घ्या, त्यात वाद नाही. जीएसटीचं ई-इनव्हॉइससुद्धा जेसनमध्येच जातं. पण हिशेब, बँका आणि सरकारी कागदपत्रं या भागात एक्सएमएल ठाण मांडून बसलंय. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ या मानकाचे संदेश वापरते, ते एक्सएमएल. यूपीआयमध्ये बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे संदेश फिरतात, तेही एक्सएमएल. आधारची ऑफलाइन ई-केवायसी म्हणजे सही केलेली एक्सएमएल फाईल. ठरावीक कंपन्यांना २०११ पासून आपले ताळेबंद एक्सबीआरएलमध्ये भरावे लागतात, तीही एक्सएमएलचीच बोली. आणि ज्या मेव्हन (जावाचं प्रोजेक्ट बांधायचं साधन) प्रोजेक्टमध्ये तुमचा सिनिअर काम करतो, त्याची मुख्य फाईल कशात लिहिलेली आहे ते त्याला एकदा उघडून दाखवा. एक्सएमएल हे १९९८ च्या फेब्रुवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं मान्य केलेलं मानक आहे, आणि तुमची नोकरी असेपर्यंत तरी ते कुठे जात नाही.

आता मुद्द्याचं. नवी मुलं पार्सरपासून, म्हणजे फाईल वाचून फोडणाऱ्या कोडपासून, सुरुवात करतात, आणि तिथेच घोटाळा होतो. पार्सरच्या चार ओळी कुठूनही मिळतात. अडतं ते समोरची फाईल न वाचता कोड लिहायला घेतल्यामुळे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस जावा बंद ठेवा. महिन्याची लहान फाईल एडिटरमध्ये उघडा आणि वहीवर तिचं झाड काढा: कशाच्या पोटात काय आहे, काय एकदाच येतं, काय पुन्हापुन्हा येतं, काय कधी येतं आणि कधी येत नाही. टॅलीचे खरे टॅग इंग्रजी आणि लांबलचक असतात. समजायला सोपं म्हणून त्याच घडणीचा तुकडा मराठीत लिहितो. टॅगची नावं देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची काहीच हरकत नाही, त्यामुळे रचना म्हणून हा तुकडा बिनचूक आहे:

<व्यवहार क्रमांक="२१७" प्रकार="विक्री">
  <दिनांक>२०२५०३३१</दिनांक>
  <नोंद>
    <खाते>रोख</खाते>
    <रक्कम>-४८०००.००</रक्कम>
  </नोंद>
  <नोंद>
    <खाते>सरकी विक्री</खाते>
    <रक्कम>४८०००.००</रक्कम>
  </नोंद>
</व्यवहार>

(अंक इथे वाचण्यापुरते मराठीत आहेत. खऱ्या फाईलमध्ये इंग्रजी अंकच हवेत, कारण स्कीमाचा (फाईलच्या घडणीचे नियम सांगणाऱ्या फाईलचा) डेसिमल प्रकार देवनागरी अंकांना आकडा मानत नाही.)

एवढ्याशा तुकड्यात किती गोष्टी आहेत बघा. क्रमांक आणि प्रकार हे ॲट्रिब्यूट आहेत, म्हणजे टॅगच्या आतच लिहिलेले, बाकीचे एलिमेंट, म्हणजे स्वतःचा टॅग असलेले. दिनांक एक आहे, नोंदी कितीही असू शकतात, म्हणजे डेटाबेसमध्ये हे दोन टेबलांचं प्रकरण आहे. तारीख सलग आठ आकड्यांची आहे, एक्सएमएल स्कीमाच्या तारखेसारखी मध्ये आडव्या रेघा असलेली नाही. म्हणजे ती आपल्यालाच फोडावी लागणार. आणि रोख खात्याची रक्कम उणे आहे. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे आणि जमा रक्कम अधिक येते. हे ठाऊक नसलेला माणूस उणे चिन्ह बघून दचकतो, रकमेचं उणे चिन्ह पुसून मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाची सगळी खतावणी उलटी करून ठेवतो.

याच चिन्हाचा फायदाही घ्या. एका व्यवहारातल्या सगळ्या नोंदींची बेरीज शून्य यायला हवी. कोड लिहायच्या आधी ही एक तपासणी कागदावर मांडून ठेवा, ती पुढे दहा टेस्टचं काम करते. मात्र मालाचे व्यवहार असतील तिथे विक्री खात्याची रक्कम बरेचदा मालाच्या नोंदीच्या पोटात वेगळ्या गटात बसलेली असते. ती धरली नाही तर बेरीज जुळत नाही आणि दोष पार्सरवर जातो. रकमा नेहमी जावाच्या बिगडेसिमल या प्रकारात घ्या. डबल हा अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार वापरलात की पैशापैशानं फरक पडत जातो आणि सीए मंडळी तो शोधून काढतातच.

झाड समजलं की मग हत्यारं.

डॉम म्हणजे अख्खी फाईल मेमरीत आणून तिचं झाड उभं करणं. प्रत्येक टॅग, प्रत्येक मजकूर, अगदी दोन टॅगमधली रिकामी जागासुद्धा वेगळा ऑब्जेक्ट बनते, त्यामुळे फाईलच्या कितीतरी पट मेमरी लागते. तुमची ९०० एमबीची फाईल तिथेच अडते. हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, वाढवून या वर्षाचं निभेल, पण धंदा वाढला की पुढच्या मार्चला पुन्हा तेच. जिनिंगवाला सगळ्या तालुक्याचा कापूस एकदम आवारात ओतून घेत नाही. एकेक ट्रॉली काट्यावर घेतो, वजन लिहितो, पुढे सोडतो. मोठी फाईल तशीच वाचायची. डॉम वाईट नाही. कॉन्फिगरेशनची फाईल, बँकेचं छोटं उत्तर, जिथे मागेपुढे फिरून दोन-चार गोष्टी बदलायच्या आहेत, तिथे तोच सोयीचा.

एकेक ट्रॉली घेण्याचे जावात दोन रस्ते आहेत. सॅक्स जुना, १९९८ चाच. त्यात पार्सर तुम्हाला हाक मारतो: टॅग सुरू झाला, मजकूर आला, टॅग संपला. स्टॅक्समध्ये उलटं, तुम्ही पार्सरला म्हणता पुढचं दे. स्टॅक्स जावा ६ पासून जेडीकेमध्येच, म्हणजे जावाच्या मूळ संचातच, आहे. माझं मत विचाराल तर आज नव्यानं शिकणाऱ्यानं सॅक्स वाचता येण्यापुरता शिकावा आणि लिहिताना स्टॅक्स वापरावा. सॅक्समध्ये आपण कुठे आहोत हे लक्षात ठेवायची सगळी जबाबदारी तुमच्यावर असते, आणि सहा महिन्यांनी तो कोड लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

तरीही सॅक्सची एक खोड माहीत हवी, कारण जुन्या प्रोजेक्टमध्ये ती हमखास भेटते. मजकुराची हाक एका टॅगसाठी एकदाच येईल अशी हमी नसते. समजा खात्याचं नाव 'पाटील & सन्स' आहे. फाईलमध्ये ते मधलं चिन्ह थेट लिहिता येत नाही, त्याचा संकेत लिहावा लागतो. जावाचा नेहमीचा पार्सर तिथे मजकूर तोडतो आणि तीन हाका मारतो: आधी 'पाटील', मग '&', मग 'सन्स'. कोडमध्ये 'आलेला मजकूर नावात ठेव' असं लिहिलेलं असेल तर प्रत्येक हाकेला आधीचं पुसलं जातं आणि शेवटी डेटाबेसमध्ये नुसते 'सन्स' उरतात. मजकूर साठवत जायचा आणि टॅग संपल्यावरच वापरायचा, हा त्यावरचा उपाय. पार्सर फाईल तुकड्यातुकड्यानं वाचतो, त्या तुकड्याच्या (बफरच्या) काठावरही असं तोडणं होतं. म्हणून ही चूक हजारातल्या एखाद्या नावात दिसते आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही. स्टॅक्समध्ये एलिमेंटचा मजकूर एकदम मागण्याची मेथड आहे. ती वापरलीत की ही भानगडच राहत नाही.

जॅक्सबी वेगळ्या कामाचं. ते एक्सएमएलचा तुकडा थेट जावाच्या क्लासमध्ये भरून देतं. ते शिकताना एक ध्यानात ठेवा: जावा ११ पासून ते जेडीकेमधून काढलंय. जुनं ट्युटोरियल बघून कोड लिहिलात आणि क्लासच सापडत नाही अशी एरर आली तर कारण हेच. आता ते डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) म्हणून वेगळं घ्यावं लागतं, आणि नव्या आवृत्त्यांत पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालंय. अर्धा कोड जुन्या नावानं आणि अर्धा नव्या नावानं असेल तर कंपाइल होतं, पण चालवल्यावर सगळे फील्ड रिकामे येतात. आधी इम्पोर्टच्या ओळी तपासा.

तुमच्या कामाला स्टॅक्स आणि जॅक्सबी यांची जोडी लागेल. स्टॅक्सनं फाईलमध्ये पुढे सरकायचं, व्यवहाराचा टॅग दिसला की तेवढाच तुकडा जॅक्सबीच्या हवाली करायचा, मिळालेला ऑब्जेक्ट डेटाबेसच्या बॅचमध्ये टाकायचा आणि विसरून जायचं. मेमरीत एका वेळी एक व्यवहार आणि चालू बॅच, एवढंच राहतं. मग फाईल ९०० एमबीची असो की ९ जीबीची.

या जोडीतला एक खड्डा मात्र नीट बघून घ्या. जॅक्सबीनं तुकडा वाचून संपवला की कर्सर, म्हणजे स्टॅक्सची वाचायची जागा, त्या तुकड्याच्या शेवटच्या टॅगच्या पुढे जाऊन थांबलेला असतो. तुमच्या लूपच्या डोक्यावर 'पुढचं दे' असेल तर तो आणखी एक पाऊल पुढे जातो. फाईल सुबक मांडलेली असेल, म्हणजे दोन व्यवहारांमध्ये नवी ओळ असेल, तर त्या जादा पावलात फक्त रिकामी जागा गिळली जाते आणि काही बिघडत नाही. पण जागा वाचवायला कोणी फाईल एका ओळीत सलग लिहिली असेल, तर ते पाऊल थेट पुढच्या व्यवहाराच्या सुरुवातीच्या टॅगवरून जातं. एकाआड एक व्यवहार गायब, एरर एकही नाही. टेस्टची फाईल हातानं मांडलेली असल्यानं तिथे सगळं हिरवं दिसतं. म्हणून तुकडा वाचल्यावर पुढे न सरकता कर्सर आत्ता कशावर आहे ते आधी विचारा. एक टेस्ट मुद्दाम सलग ओळीच्या फाईलवर ठेवा. आणि भरून झाल्यावर फाईलमधले व्यवहार किती, टेबलात किती पडले, हे दोन आकडे लॉगमध्ये शेजारीशेजारी छापा.

जॅक्सबीचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे कोणते क्लास भरायचे त्याची तयारी, बनवायला जड असतो. तो एकदाच बनवून ठेवा, प्रत्येक व्यवहाराला नवा बनवलात तर रात्रभर बसाल. प्रत्यक्ष तुकडा वाचणारा अनमार्शलर मात्र दोन थ्रेडमध्ये वाटून घ्यायचा नाही.

आता नावांचं बघू. 'जळगाव' या शब्दात पाच चिन्हं आहेत: ज, ळ, ग, काना आणि व. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकूण १५ बाइट. हेच १५ बाइट कोणी विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगनं वाचले, तर प्रत्येक बाइटला एक असं वेगळंच अक्षर दिसतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी नाण्यासारखं गोल चिन्ह पुन्हापुन्हा येतंय का बघा. येत असेल तर डेटा शाबूत आहे, वाचायची रीत चुकली आहे. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मामला गंभीर. लिहिताना कुठेतरी अक्षरंच टाकून दिली गेली आहेत, बहुतेक वेळा डेटाबेसचा कॉलम युनिकोडचा नसल्यामुळे. ती परत मिळत नाहीत, फाईल पुन्हा भरावी लागते.

वाचायची रीत चुकते ती बहुधा एकाच ठिकाणी. फाईल आधी रीडरनं उघडली जाते आणि मग तो रीडर पार्सरला दिला जातो. रीडर म्हणजे बाइटची अक्षरं करून झाली, तीही त्या मशीनच्या डीफॉल्टनं. पार्सरला इनपुटस्ट्रीम द्या, कच्चे बाइट. फाईलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग लिहिलेलं असतं, सुरुवातीला बाइट ऑर्डरची खूण असू शकते, ते सगळं पार्सरला वाचता येतं. टॅलीची निर्यात कधीकधी यूटीएफ-१६ मध्येही येते. तीही अशानं बिनबोभाट वाचली जाते. जावा १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ झालंय, पण गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर कोणता जावा आहे ते बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

टॅलीची स्वतःची एक गंमत सांगतो, कारण तुम्हाला ती आज ना उद्या भेटणारच. मुख्य गटाच्या नावाआधी, किंवा 'लागू नाही' अशा अर्थाच्या ठरीव मजकुराआधी, ती &#4; असा संकेत लिहिते. एक्सएमएल १.० मध्ये क्रमांक ३२ च्या खालच्या नियंत्रण-चिन्हांपैकी फक्त टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न चालतात. हे क्रमांक ४ चं चिन्ह संकेत म्हणूनही चालत नाही. पार्सर तिथेच हात वर करतो, आणि त्याचं बरोबर असतं. काही जण पहिल्या ओळीतली आवृत्ती १.१ करतात. १.१ मध्ये हा संकेत चालतो, म्हणून तेवढ्यापुरतं जमतं, पण ते चिन्ह मग डेटाबेसमध्ये आणि तिथून पुढच्या प्रत्येक फाईलमध्ये शिरतं. माझ्या मते पार्सरच्या आधी एक गाळणी बसवावी. इनपुटस्ट्रीमभोवती गुंडाळलेला छोटा क्लास, जो बाइट वाहत असताना एवढा संकेत काढून टाकतो. तो संकेत दोन बफरमध्ये तुटून येऊ शकतो, त्याची काळजी घ्या. यूटीएफ-१६ मध्ये बाइट वेगळे दिसतात, त्याचीही. अख्खी फाईल स्ट्रिंगमध्ये घेऊन 'शोधा आणि बदला' करू नका, नाहीतर मेमरीचा मूळ रोग परत.

नेमस्पेस, म्हणजे टॅग कोणत्या घराण्याचा ते सांगणारं आडनाव, टॅलीच्या कामात फारसा आडवा येत नाही, पण बँकेचं आयएसओ २००२२ मधलं स्टेटमेंट हातात आलं की पहिल्याच दिवशी येईल. मुळाच्या टॅगवर डीफॉल्ट नेमस्पेस लिहिलेला असतो. डोळ्याला टॅग साधेच दिसतात, तुम्ही एक्सपाथ, म्हणजे झाडातल्या जागेचा पत्ता, लिहिता, आणि उत्तर रिकामं. एररही नाही. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव, आणि फाईलमधले टॅग तर नेमस्पेसमध्ये आहेत. त्या नेमस्पेसला आपला एक उपसर्ग जोडायचा आणि एक्सपाथमध्ये तो प्रत्येक पायरीवर लिहायचा. शिवाय डॉमचा पार्सर बनवणारी फॅक्टरी मुळात नेमस्पेसकडे बघत नाही, तिला तसं सांगावं लागतं. 'लोकल-नेम' (नेमस्पेस सोडून नुसतं नाव) वापरून पळवाट काढता येते. तपासणीपुरती ठीक, कायमच्या कोडमध्ये नको.

एक्सपाथवर मात्र दोन दिवस मन लावून घालवा. कोड न लिहिता फाईलला प्रश्न विचारता येतात, तेही एडिटरमधूनच. ज्या व्यवहारात एकच नोंद आहे ते दाखव, ज्याला तारीखच नाही ते दाखव. लहान फाईलवर असं फिरलात की डेटातली घाण कोडच्या आधी दिसते. स्कीमा वाचायला शिका, लिहायची वेळ क्वचितच येईल. एक्सएसएलटी (एका घडणीचं एक्सएमएल दुसऱ्या रूपात बदलायची भाषा) समोर आलं तर शिका, आत्ता सोडून द्या.

गिऱ्हाईक फाईल अपलोड करणार असेल तर डॉकटाइप, म्हणजे फाईलच्या सुरुवातीला एंटिटी (मजकुराची टोपणनावं) ठरवायची सोय, बंद करा. जावाचे पार्सर तो मुळात चालू ठेवतात. त्यातून कोणीही बाहेरून तुमच्या सर्व्हरवरची फाईल वाचायला लावू शकतो, किंवा, पार्सरला एंटिटीची मर्यादा घातलेली नसेल तर, दहादहाच्या पटीत एकमेकांत गुंतलेल्या एंटिटी लिहून काही ओळींचा मजकूर अब्जावर नेऊन सर्व्हर झोपवू शकतो. टॅलीच्या फाईलला डॉकटाइप लागतच नाही, त्यामुळे बंद करण्यात तुमचं काही जात नाही.

एक्सएमएल लिहायची वेळ आली तर स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून लिहू नका. पहिला 'पाटील & सन्स' आला की फाईल मोडते. स्टॅक्सचा रायटर किंवा जॅक्सबी, दोन्ही ते चिन्ह आपोआप सांभाळतात.

सरावाला नवीन काही शोधायला नको. तुमच्याच बायोडेटाची वर्डची फाईल घ्या, तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स बदलून झिप लिहा आणि उघडा. आतमध्ये एक्सएमएल फायली मिळतील, नेमस्पेससकट. त्यातून फक्त ठळक अक्षरांतला मजकूर स्टॅक्सनं काढून दाखवा. एक शब्द तीन तुकड्यांत का येतो याचा विचार करायला लागाल, आणि तेवढ्यात बरंच शिकून होईल.

सोमवारी कामावर गेल्यावर आधी इनपुटस्ट्रीमचं बघा, ते दहा मिनिटांचं काम आहे. मग गाळणी, मग स्टॅक्स-जॅक्सबीचा लूप. टॅली प्रत्येक व्यवहाराला एक जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणाला न मिळणारी ओळख, देते. टेबलात त्यावर युनिक की लावा, म्हणजे मध्येच वीज गेली आणि फाईल पुन्हा भरावी लागली तरी नोंदी दुप्पट होणार नाहीत. एरर आली तर तिच्यासोबत ओळ क्रमांक आणि तो जीयूआयडी लॉगमध्ये यायला हवा. अडलात तर तेवढा एक व्यवहार कापून, खात्यांची नावं आणि रकमा बदलून पाठवा. अख्खी फाईल पाठवू नका, ती गिऱ्हाइकाची खतावणी आहे.